तिसऱ्या दिवसाचा वास

ज्वारी भिजत घातली की पहिल्या दिवशी तिला काहीच वास नसतो. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बारीक बुडबुडे धरतात. तिसऱ्या दिवशी झाकण उचललं की आंबूस वास असा भसकन येतो, की घरात काय चाललंय ते गल्लीला कळतं. बिबड्यांना, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांना, ज्वारी अशीच लागते, तीन दिवस पाण्यात राहिलेली. मग ती भरडायची, तीळ-लसूण-जिरं घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, ओलं धोतर अंथरून त्यावर हातानं एकेक बिबडं थापायचं. खान्देशातलं ऊन बाकी कशाला उपयोगी नसलं तरी बिबडे वाळवायला एक नंबर.

परवा सकाळी लॅबला निघाले तर आमच्या जिन्यातच तो वास आला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ज्वारी घातली होती. मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. काकू म्हणाल्या, "काय गं, तोंडाला पाणी सुटलं ना?" मी हसले. खरं सांगायचं तर तिथून पळून जावंसं वाटत होतं. गेल्या वर्षीपर्यंत हा वास म्हणजे माझं माहेर होतं, आणि एका उन्हाळ्यात त्याचं असं होऊन बसलं.

मी जळगावात एका खाजगी लॅबमध्ये जंतूंच्या टेबलावर काम करते. कुणाचा पू, कुणाची लघवी, कुणाची थुंकी. लोक ज्याला नाक मुरडतात ते सगळं माझ्याकडे येतं. काचेच्या चपट्या बशीत, म्हणजे आमच्या भाषेत प्लेटवर, जंतूंना आवडेल असं खाणं घालायचं, त्यावर कापसाच्या काडीनं नमुना ओढायचा आणि वाट बघायची. एका दिवसात जंतू उगवतात, त्यांच्यावर औषधाच्या चकत्या ठेवून आणखी एक दिवस थांबायचं, आणि मग सांगायचं की कोणतं औषध चालेल. म्हणजे इथेही तिसऱ्या दिवशी कळतं. बावीस वर्षं झाली. नाकाला इतकी सवय झालीय की झाकण उघडायच्या आधी अंदाज येतो. मायलाही येतो. ती पातेल्याजवळून नुसती गेली तरी सांगते, आज भरडायची की उद्या.

माय म्हणजे माझी आई. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात तिला सगळे अक्का म्हणतात. वडील गेल्यापासून ती एकटीच राहते आणि एकटीच दहा घरांचे बिबडे करते. दोन वर्षांपूर्वी घाट्याचं पातेलं चुलीवरून उतरवताना तिच्या पोटात काहीतरी सरकलं. बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ दिसायला लागली. मी फोनवर विचारायचे, कशी आहेस? ती म्हणायची, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे, हे तिचं ठरलेलं उत्तर. ताप असू दे, घरात चोर शिरू दे, बठ्ठं बरं शे. वर्षभर हर्निया पोटावर घेऊन ती तेच म्हणत राहिली.

शेवटी गेल्या वर्षी होळी झाल्यावर मी तिला जळगावला आणलंच. ऑपरेशन झालं, पोटात आतून जाळी बसवली. ती माझ्याकडेच राहिली. पंधरा दिवसांत टाके निघाले आणि माझा जीव भांड्यात पडला. मी लॅबमध्ये पेढे वाटले, हो, चक्क पेढे. घाई नडते माणसाला.

टाके निघाल्यावर चौथ्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला ओल दिसली. सर्जनसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, आधी नमुना पाठवा, मग बघू. आमच्या लॅबचे सोनवणे भाऊ घरी जाऊन नमुने गोळा करतात, पन्नाशीचे, अतिशय सावकाश माणूस. ते माझ्या घरी गेले, मायच्या हातचा चहा प्यायले आणि काडी घेऊन आले. नळीवर मायचं नाव होतं. मी स्वतःच ती प्लेटवर ओढली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. तिसऱ्या दिवशीही कोरी, धुतल्यासारखी. मी रिपोर्ट टाइप केला: जंतूंची वाढ नाही. टाइप करताना मी गुणगुणत होते असं शेजारची मुलगी नंतर म्हणाली.

आता जे सांगायचंय ते मी वर्षभर कुणाला धड सांगितलेलं नाही. त्या काडीचा कापूस किंचित तपकिरी होता. मी तो पाहिला होता. बावीस वर्षांत असा कापूस किती वेळा पाहिलाय, आणि दर वेळी हाक मारलीय, "सोनवणे भाऊ, जखमेवर आयोडीन लावलं होतं का हो? परत जा, दुसरा नमुना आणा." आयोडीननं वरचे जंतू मरतात आणि प्लेट खोटीच कोरी येते. त्या दिवशी मी हाक मारली नाही. मी मनाशी म्हटलं, जुनं रक्त असेल. मला प्लेट कोरी हवी होती, आणि मला हवं होतं ते मी पाहिलं.

तीन दिवसांनी मायला थंडी वाजून ताप आला. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता आणि ती गोधडी मागत होती. पट्टी बदलायला बसले तर टाक्यांची कड लाल, गरम, आणि दाबल्यावर पू. मी म्हटलं, माय, हे कधीपासून? ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पयलेपासीन."

"मग सोनवणे भाऊ आले तेव्हा?"

"तवय बी व्हतं. पन तुना लॅबना मानूस येनार व्हता. त्याले घाण कशी दखाडू? म्हनीसन ते लाल औषध लाई लाईसन चांगलं पुसी टाकं."

पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं, तशी तिनं जखम झाडून ठेवली होती. माझ्या लॅबमधला माणूस, म्हणजे माझी इज्जत. लेकीच्या ऑफिसातल्या माणसासमोर पोटातून पू येतोय हे तिला कसंतरीच वाटलं. सोनवण्यांनी काडी फिरवली ती स्वच्छ केलेल्या कातडीवर. जंतू खाली आत मजेत बसले होते.

मी ओरडले. अगदी वाट्टेल तसं ओरडले. "तुला अक्कल आहे की नाही? मी काय पाहुणे पाठवते का घरी?" माय म्हणाली, "गोळी बी खाधी ना मी. तू सांगेल तीच." आणि उशीखालून गोळ्यांची एक अर्धी पट्टी काढली, गावाहून आणलेली. पट्टीवर निळ्या मार्करनं लिहिलं होतं: जखम. अक्षर माझं होतं.

गावच्या घरी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. मी नुकतीच कोर्स करून कामाला लागले होते तेव्हा तो मीच सुरू केला. उरलेल्या गोळ्या फेकायच्या कशाला म्हणून त्यात ठेवायच्या, आणि मायला कळावं म्हणून प्रत्येक पट्टीवर मी लिहायचे: ताप, जुलाब, जळजळ, जखम. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा! हळूहळू अख्खी गल्ली त्या डब्याकडे यायला लागली. अक्का, घसा धरला. अक्का, नातवाला जुलाब. माय दोन गोळ्या द्यायची. बरं वाटलं की उरलेल्या परत डब्यात, पुढच्यासाठी. कुणाच्या घरी पाच गोळ्या सांगितल्या असल्या तर दोन पोटात आणि तीन आमच्या डब्यात. पट्टी संपली की मी गावी जाताना दुसरी न्यायचे, त्याच नावाची. म्हातारी कुणाकडून काही घेत नाही, देते, याचंच मला कौतुक होतं. अर्धवट मारलेले जंतू काय शिकतात ते मला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. पण ते उत्तर आणि तो डबा यांची माझ्या डोक्यात कधी भेटच झाली नाही.

दुसरा नमुना सर्जनसाहेबांनी स्वतः घेतला, जखम सलाईननं धुऊन, आतून. या वेळी प्लेट एका रात्रीत भरली. गुलाबी, जाड, चकाकणारे ठिपके, एकमेकांत मिसळलेले. सुईचं टोक लावून उचललं तर तार निघाली, घाटा पुरता शिजला की चाटूवरून निघते तशी. क्लेबसिएला. नाव नाजूक आहे, जात पक्की चिवट. मी त्यावर चकत्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन मोजायला बसले. ज्या औषधाला जंतू भितो त्याच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं, ते मोजायचं असतं. पहिल्या चकतीभोवती वर्तुळ नव्हतं. दुसरीभोवती नव्हतं. 'जखम' लिहिलेल्या गोळीचं औषध, लघवीसाठीच्या 'जळजळ' लिहिलेल्या गोळीचं औषध, त्यांच्या वरची महागडी इंजेक्शनं, सगळ्यांना अगदी खेटून तो वाढला होता. एका कोपऱ्यात एका चकतीभोवती तेवढं वर्तुळ होतं. अमिकासिन, जुनं इंजेक्शन. मी ते तीनदा मोजलं, आणि मग चौथ्यांदाही.

आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर, मागे येऊन उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "पहिली काडी तपकिरी होती का गं?"

"होती," मी म्हटलं.

रिपोर्ट त्यांनी लिहिला.

हा जंतू कुठून आला? लोक मला विचारतात, मीही स्वतःला विचारते. हॉस्पिटलातून आला असेल, तिथं तर ते असतातच. मायच्या पोटात आधीपासून असेल, वर्षानुवर्षं डब्यातल्या गोळ्या चाखून निर्ढावलेला. माझ्या हातूनही आला असेल, टाके होते तेव्हा पट्टी मीच बदलत होते. जंतूच्या कपाळावर त्याचं गाव लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं तर कदाचित मला झोप लागली असती, किंवा कधीच लागली नसती.

सर्जनसाहेबांनी स्पष्ट सांगितलं. इंजेक्शनला जखमेनं साथ दिली तर ठीक. जंतू जाळीपर्यंत गेला तर पोट पुन्हा उघडून जाळी काढावी लागेल. रक्तात गेला तर या वयात काही सांगता येत नाही. आणि हे इंजेक्शन मूत्रपिंडाला आणि कानाला जड असतं, तेव्हा लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा! मी दुसरं काय करत होते? दर दोन दिवसांनी मायचं रक्त माझ्याच लॅबमध्ये यायचं आणि आकडा येईपर्यंत मी मशीनसमोर उभी असायचे. इंजेक्शनसाठी मायला दवाखान्यात ठेवलं होतं; सकाळी तिथं गेले की दाराआड थांबून अगदी हळू आवाजात विचारायचे, "माय, पाणी देऊ?" तिचे कान तपासायला. पहिले चार दिवस ती वळून बघायची. पाचव्या दिवशी वळली नाही. मी पुन्हा विचारलं. नाही. मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "रोज काय फुसफुस करस तठे? बोलनं व्हई ते मोकळं बोल ना!" मी दाराला टेकून हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या दिवसांतच आली. आमच्याकडे अखाजीला लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात. आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर आंबा, खरबूज ठेवतात. त्या अखाजीला माहेर रिकामं होतं आणि माहेर ज्या बाईमुळे आहे ती जळगावात सलाईन लावून पडली होती. सकाळी सकाळी तिनं विचारलं, "तुना बापनी घागर कोन भरी?"

मी म्हटलं, मी भरते इथंच. दवाखान्याच्या नळावर नवी घागर भरली, खिडकीत ठेवली, वर एक आंबा ठेवला. बाबांचं नाव घेतलं. आणि नाव घेता घेता माझ्या मनात आलं, पुढच्या अखाजीला घागर एक भरायची की दोन? तो विचार मी दाबायला गेले, तो दाबला गेला नाही. माय कॉटवरून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असणार. तिला सगळं कळतं. म्हणाली, "जवारी भिजाडी का कोनी औंदा?"

नाही, त्या वर्षी आमच्या घरी कुणी ज्वारी भिजवली नाही. दहा घरं बिबड्यांशिवाय राहिली.

इंजेक्शन लागू पडलं. ताप उतरला, पू आटला, रक्ताचा आकडा वर जाऊन परत खाली आला. जाळी वाचली. जखम आतून भरत भरत वर यायला दोन महिने लागले, कान शाबूत राहिले. घरी सोडताना सर्जनसाहेब म्हणाले, "जाळीला चिकटून एखादा राहिलेला असू शकतो. पुन्हा ओल दिसली तर एक दिवसही थांबू नका. आणि पुढच्या वेळी हेच औषध चालेल असं मी सांगू शकत नाही."

दिवाळीत मी गावी जाऊन डबा रिकामा केला. सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून जळगावला आणल्या आणि लॅबच्या कचऱ्यात घातल्या. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गल्लीतल्या बायका मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, पोरगी शिकली आणि देणं बंद केलं. लागलं ते मला. तो डबा भरलाही मीच होता.

मायनं नंतर त्यात तीळ भरले.

तर हे असं वर्ष. तेव्हापासून मी फोनवर "बठ्ठं बरं शे" ऐकलं की विश्वास ठेवत नाही. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये कायम एक निर्जंतुक काडीची सीलबंद नळी असते, कंगवा आणि रुमालाच्या बाजूला. मुदत संपली की बदलते. घरचे हसतात.

काल सकाळी मायचा फोन आला. मी सवयीनं विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, "जरा ई जाय." येऊन जा. बस. पुढं काही नाही. मी लॅबला सुट्टी सांगितली आणि पॅसेंजर धरली. अमळनेर येईपर्यंत मी तीनदा पर्स उघडून नळी चाचपली. बाहेर शेतं काढून मोकळी झालेली, उन्हात काळी जमीन फुटलेली, आणि माझं सगळं लक्ष त्या 'ई जाय'वर.

घरात शिरले तर तोच वास. तिसऱ्या दिवसाचा. यंदा मायनं ज्वारी भिजवली होती. पातेलं उचलायला शेजारच्या हिराकाकू होत्या, माय खाटेवर बसून नुसती हुकूम सोडत होती. मला बघून उठली, आतल्या खोलीत आली आणि दार लोटलं.

लहानपणी घाट्याचं पातेलं रिकामं झालं की बुडाला चिकटलेली खरवड ती कुणाला देत नसे. वाटीत काढून, वर झाकण ठेवून, मी शाळेतून यायची वाट बघायची. लग्न झाल्यावरही ठेवायची. कधी कधी मी आठ दिवसांनी यायचे आणि ती वाळून दगड झालेली असायची, तरी ती असायचीच.

मायनं पदर बाजूला केला. जुन्या व्रणाच्या खालच्या टोकाला एक छोटा थेंब होता. पिवळसर, चिकट. आजूबाजूला लाल औषधाचा डाग नव्हता. काही लावलेलं नव्हतं.

"कालदिन पासीन शे," ती म्हणाली. "पुसं नही मी. गोळी बी खाधी नही. तसंच ठेवं तुनासाठे."

बाहेर हिराकाकू विचारत होत्या, घाटा टाकायचा का, पाणी उकळलं. मायनं आतून ओरडून सांगितलं, टाक. मी पर्समधून नळी काढली, सील तोडलं. नळीवर मायचं नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. तिनं माझं मनगट धरलं, आणि मी काडी तिच्या पोटाला लावली.